'अवैध' म्हणजे नक्की काय चुकलं? फॉर्ममधले एरर मेसेज नीट लिहिण्याबद्दल

गेल्या पावसाळ्यात आत्याचा फोन आला. विट्याजवळच्या एका गावात राहते ती, मोबाईलवर एका योजनेचा फॉर्म भरत होती, आणि आवाज एकदम घाबरलेला. "अगं, बँकेनं माझं खातं बंद केलं वाटतं. यात अवैध म्हणून येतंय." मी म्हणलं खातं बंद झालंय असं लिहिलंय का? तर तसं नाही, स्क्रीनवर लाल अक्षरात एवढंच होतं: अवैध आयएफएससी कोड. आता अवैध हा शब्द आत्या कुठे ऐकते, तर बातम्यांत. अवैध वाळू उपसा, अवैध दारू. म्हणजे काहीतरी बेकायदा झालंय आणि आपलं खातं त्यात अडकलंय, असा तिने सरळ अर्थ लावला. दुसऱ्या दिवशी एसटीने विट्याला गेली, बँकेत रांगेत उभी राहिली, खातं अगदी व्यवस्थित चालू होतं. तिथून परत फोन. मग मी तिला पासबुकाचा आणि स्क्रीनचा फोटो पाठवायला सांगितला आणि दोन्ही शेजारी ठेवून बघितले.

आयएफएससी कोड ११ जागांचा असतो. पहिली चार अक्षरं बँकेची, शेवटच्या सहा जागा शाखेच्या, आणि मधली पाचवी जागा कायम शून्य. आत्याने पहिली चार अक्षरं टाईप केली, कीबोर्ड अक्षरांवरच होता, पासबुकाच्या छपाईत शून्य आणि इंग्रजी ओ सारखेच दिसतात, त्यामुळे तिने शून्याच्या जागी ओ दाबला. बास, एवढीच चूक. आणि एवढ्या चुकीसाठी तिचा एक दिवस गेला, एसटीचं भाडं गेलं, आणि रात्रभर झोप नाही लागली ते वेगळंच.

मी स्वतः फॉर्म बनवण्याचंच काम करते, त्यामुळे मला त्या दिवशी जे सगळ्यात जास्त लागलं ते हे, की त्या फॉर्मच्या कोडला चूक काय झालीये ते शोधता येत होतं. पाचव्या जागी शून्य नाही, ओ आहे, हे कॉम्प्युटरला क्षणात कळतं. कळू शकत होतं, पण कोणी विचारलंच नाही, आणि सांगितलं तर नाहीच.

हे असं का होतं ते आधी सांगते, म्हणजे पुढचं सोपं जाईल.

फॉर्ममध्ये तुम्ही काही भरलं की ते तपासलं जातं, त्याला व्हॅलिडेशन म्हणतात. मोबाईल नंबर १० आकडी आहे का, तारीख खरी आहे का, रकाना रिकामा तर नाही ना. ही तपासणी दोनदा होते, किंवा व्हायला हवी: एकदा तुमच्या ब्राउझरमध्येच, लगेच कळावं म्हणून, आणि परत एकदा सर्व्हरवर, म्हणजे फॉर्म जिथे जमा होतो त्या मागच्या कॉम्प्युटरवर, कारण ब्राउझरमधली तपासणी कोणालाही बंद करता येते, तिच्यावर विसंबून चालत नाही. तपासायला डेव्हलपर बहुतेक वेळा रेजेक्स वापरतात. रेजेक्स म्हणजे एक साचा. "चार अक्षरं, मग शून्य, मग सहा अक्षरं किंवा आकडे" हे सगळं एका ओळीत लिहायचं, आणि समोरचा मजकूर त्या साच्यात बसतो की नाही ते बघायचं. छान सोय आहे, मी रोज वापरते, पण त्याचं उत्तर दोनच प्रकारचं असतं, बसलं किंवा नाही बसलं. कुठे नाही बसलं हे तो सांगत नाही. आणि मग डेव्हलपर त्या "नाही"चं भाषांतर करतो: अवैध. म्हणजे हा शब्द माणसासाठी लिहिलेलाच नसतो, कोडच्या आतलं हो-नाही तसंच्या तसं बाहेर आलेलं असतं.

त्यामुळे चांगला एरर मेसेज लिहायचा तर सुरुवात शब्दांपासून करून उपयोग नाही, तपासणीपासून करावी लागते. एका मोठ्या तपासणीचे चार-पाच छोटे तुकडे करायचे आणि प्रत्येक तुकड्याला त्याचं स्वतःचं वाक्य द्यायचं.

पॅन नंबर घेऊन बघू. १० जागा, पहिली पाच अक्षरं, मग चार आकडे, शेवटी एक अक्षर. नेहमीचा मेसेज काय असतो, "कृपया वैध पॅन क्रमांक प्रविष्ट करा". आता हेच तुकडे करून बघा. रकाना रिकामा असेल तर "पॅन नंबर टाका". नऊच जागा भरल्या असतील तर "पॅन नंबर १० अक्षर-आकड्यांचा असतो, तुम्ही ९ टाकलेत". पहिल्या पाचात आकडा आला असेल तर "पहिल्या पाच जागी फक्त अक्षरं असतात, तिसऱ्या जागी १ आलाय, तिथे इंग्रजी आय आहे का कार्डावर बघा". आता पॅनच्या चौथ्या अक्षरावरून तो कोणाचा आहे ते कळतं, पी असेल तर व्यक्तीचा, सी असेल तर कंपनीचा. छोट्या दुकानदाराकडे, व्यावसायिकाकडे दोन्ही कार्डं असू शकतात, तो घाईत दुसरंच टाकतो, अशा वेळी "हा पॅन कंपनीचा दिसतोय, इथे तुमचा स्वतःचा लागेल" हे एक वाक्य त्याची केवढी शोधाशोध वाचवतं. हे चारही मेसेज लिहायला मला अर्धा तास लागतो. फॉर्म भरणारी माणसं हजारो असतात.

पण एक सांभाळायला हवं. व्यक्तीच्या पॅनमधलं पाचवं अक्षर आडनावाचं पहिलं अक्षर असतं, हे कळल्यावर एखाद्याला वाटेल की चला, हेही तपासू, आडनावाशी जुळलं नाही की एरर देऊ. तसं करू नका. लग्नानंतर आडनाव बदललेल्या बाईचा पॅन नंबर तोच राहतो, कार्डावरचं नाव बदलतं पण नंबरातलं पाचवं अक्षर माहेरच्या आडनावाचंच असतं. तिचा नंबर बरोबर, नाव बरोबर, आणि फॉर्म तिला म्हणणार तुमचं चुकलंय. बरोबर भरणाऱ्याला चूक म्हणणारा मेसेज हा सगळ्यात वाईट, कारण त्याच्यावर त्या माणसाकडे काहीच उपाय नसतो.

म्हणून माझा नियम असा आहे की कोडला जेवढं नक्की माहिती आहे तेवढं सगळं सांगायचं, आणि त्याच्या पलीकडचं एक अक्षर नाही. याचं मला आवडणारं उदाहरण आधार नंबरचं. १२ आकडी असतो, आणि शेवटचा आकडा आधीच्या अकरा आकड्यांवरून काढलेला असतो. त्याची रीत याकोबस व्हेरहॉफ या डच गणितज्ञाची, १९६९ सालची. त्या रीतीने कुठलाही एक आकडा चुकला तरी पकडला जातो आणि शेजारशेजारच्या दोन आकड्यांची अदलाबदल झाली तरी पकडली जाते. म्हणजे टाईप करताना होणाऱ्या बहुतेक चुका सर्व्हरकडे न जाता लगेच कळतात. पण कुठला आकडा चुकलाय हे त्यातून कळत नाही. मग मेसेज पण तेवढाच हवा: "१२ आकडे आलेत, पण त्यात एखादा चुकलाय किंवा दोन आकडे पुढेमागे झालेत. कार्ड बघून परत एकदा ताडून बघा." "हा आधार नंबर अस्तित्वात नाही" असं कशाला म्हणायचं, ते तुम्ही अजून तपासलेलंच नाही.

याच्याच शेजारचा एक मोठा घोळ म्हणजे मागचा सर्व्हर बंद असणं. नंबर पडताळणारी यंत्रणा उत्तर देत नाही, वेळ संपते, आणि फॉर्म दाखवतो "तपशील चुकीचा आहे". अहो चुकीचा नाही, तुम्हाला तपासता आला नाही! या दोन एकदम वेगळ्या गोष्टी आहेत आणि कोडमध्ये त्या वेगळ्याच दिसतात, फक्त आळसाने एकाच मेसेजला बांधलेल्या असतात. माणूस बिचारा चष्मा पुसून पुसून तोच नंबर आठ वेळा टाकतो. "आत्ता आम्हाला नंबर तपासता येत नाहीये, तुमचं काही चुकलेलं नाही, भरलेलं सगळं सेव्ह आहे, थोड्या वेळाने परत प्रयत्न करा" असं लिहिलं की तो शांतपणे चहा प्यायला जाऊ शकतो. अर्थात सेव्ह केलं असेल तरच लिहा.

आता दुसरी बाजू. मेसेज लिहायला बसण्याआधी विचारायचा प्रश्न असा की ही चूक माणसाची आहे का मुळात? आधार कार्डावर नंबर चार-चार-चार असा मध्ये जागा सोडून छापलेला असतो. माणूस बघून बघून तसाच टाईप करतो, आणि फॉर्म म्हणतो "स्पेस चालणार नाही". तुमच्याच कार्डावर तुम्हीच जागा सोडली ना? मोबाईल नंबरचं तेच. आपले मोबाईल नंबर १० आकडी, ६ ते ९ ने सुरू होणारे, पण कॉन्टॅक्टमधून कॉपी केला की पुढे +९१ येतो, मध्ये स्पेस येते, जुन्या माणसांना पुढे शून्य लावायची सवय असते. हे सगळं काढून टाकणं कोडसाठी एका ओळीचं काम आहे. काढून टाका, गप्प राहा, पुढे जाऊ द्या. इंटरनेटच्या सुरुवातीच्या काळात, १९८० साली, जॉन पोस्टेल यांनी टीसीपीच्या, म्हणजे कॉम्प्युटरनी नेटवरून एकमेकांना माहिती कशी पाठवायची त्या नियमांच्या, दस्तऐवजात एक तत्त्व लिहून ठेवलं होतं, की आपण पाठवताना काटेकोर असावं आणि दुसऱ्याकडून घेताना उदार. ते मशीनने मशीनशी बोलण्याबद्दल होतं, पण फॉर्मला ते जास्तच लागू पडतं असं मला वाटतं. आत्याच्या कोडचं घ्या. पाचव्या जागी शून्यच असतं हे ठरलेलं आहे, तर तिथे ओ आला की आपणच शून्य करावं आणि खाली बँकेचं आणि शाखेचं नाव दाखवावं, हीच ना तुमची शाखा? तिने नाव वाचलं असतं, हो म्हणलं असतं, आणि काही चुकलं होतं हे तिला कळलंही नसतं.

मराठीत फॉर्म असेल तर हे अजून एक पायरी पुढे जातं, आणि इथे मी जरा थांबून लिहिणार आहे कारण याबद्दल फारसं कोणी बोलत नाही.

मराठी कीबोर्डवर आकडे मराठी येतात. एखादा माणूस मोबाईल नंबर ९८ असा मराठीत टाकतो आणि फॉर्म म्हणतो "फक्त अंक टाका". त्याने अंकच टाकलेत! ब्राउझरमध्ये चालणाऱ्या जावास्क्रिप्ट या भाषेच्या रेजेक्समध्ये "आकडा" याचा अर्थ फक्त इंग्रजी शून्य ते नऊ असा आहे, देवनागरी आकडे त्याला आकडे वाटतच नाहीत. सर्व्हरवर पुष्कळदा वापरतात त्या पायथन भाषेत मात्र साध्या मजकुरावर तीच खूण देवनागरी आकडेही ओळखते, म्हणजे ब्राउझर नाही म्हणतोय आणि सर्व्हर हो म्हणतोय असंही होऊ शकतं. उपाय सोपा आहे, युनिकोडमध्ये, म्हणजे जगातल्या सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना कॉम्प्युटरसाठी नंबर देणाऱ्या यादीत, देवनागरीचे दहाही आकडे ओळीने एकापाठोपाठ आहेत, त्यामुळे बदलून घेणं म्हणजे एक वजाबाकी. ती करा आणि तो मेसेज टाकूनच द्या.

नावांचं तर विचारू नका. समजा तपासणी लिहिली "नावात फक्त अक्षरं हवीत" आणि त्यासाठी युनिकोडची "अक्षर" ही वर्गवारी वापरली. कमल चालते. सीमा चालत नाही. का, तर युनिकोडच्या हिशोबात काना, मात्रा, वेलांटी, पाय मोडायचं चिन्ह हे अक्षर या वर्गात येतच नाहीत, ते चिन्ह या वेगळ्या वर्गात येतात. म्हणजे सीमाला तिच्या स्वतःच्या नावासाठी "फक्त अक्षरं टाका" असं ऐकून घ्यावं लागतं, आणि तिने तिसऱ्यांदा टाकलं तरी तेच. बरं, चिन्हांना परवानगी दिली तरी कऱ्हाडे अडकू शकतात, कारण तो अर्धा र काही कीबोर्ड साध्या र ला पाय मोडून पुढे एक न दिसणारं जोडचिन्ह टाकून तयार करतात, ते चिन्ह अक्षरही नाही आणि मात्राही नाही. लांबीचंही तसंच. "नाव जास्तीत जास्त ३० अक्षरांचं हवं" असं लिहिलेलं असतं, पण ज्योत्स्ना हे नाव आपल्याला दोन अक्षरी दिसतं आणि कॉम्प्युटर ते दहा मोजतो. मग "अक्षरं जास्त झाली" हा मेसेज वाचून माणूस बोटं मोजत बसतो आणि त्याचा हिशोब जुळत नाही. जुळणारच नाही. एकतर मर्यादा मोठी ठेवा, नाहीतर आपण मोजतो तशी अक्षरं मोजा, हल्लीच्या ब्राउझरमध्ये त्याची सोय आहे.

आणि हे फक्त देवनागरीपुरतं नाही. गोव्यातल्या डिसोझांना विचारा, इंग्रजी स्पेलिंगमधली ती वरची अॅपॉस्ट्रॉफी टाकली की "विशेष चिन्हं चालणार नाहीत" म्हणून फॉर्म परत, आणि नाही टाकली की कागदपत्रांवरच्या नावाशी जुळत नाही म्हणून परत. नाव विशेष नाहीये हो, नाव आहे. शेतीच्या फॉर्ममध्ये गट नंबर विचारतात आणि रकाना फक्त आकडे घेतो, आता सातबाऱ्यावर १२३/२/अ असं लिहिलेलं असेल तर शेतकऱ्याने काय करावं? नुसता १२३ टाकला तर तो दुसऱ्याचा तुकडा होईल.

आता शब्दांकडे येऊ. मराठी एरर मेसेजचं मोठं दुखणं म्हणजे ते इंग्रजीतून साच्यात ओतलेले असतात. इंग्रजीत डेव्हलपर एक वाक्य करून ठेवतो, मोकळ्या जागेत रकान्याचं नाव बसवतो, सगळीकडे तेच वाक्य वापरतो, आणि इंग्रजीत ते खपून जातं. मराठीत नंबर चुकीचा, तारीख चुकीची आणि नाव चुकीचं. साच्यात "चुकीचा आहे" असं ठेवलं की "जन्मतारीख चुकीचा आहे" असं येतं. दुसरा साचा "अमुकमध्ये चूक आहे" असा केला की "पत्तामध्ये चूक आहे" येतं, कारण पत्ताचं पत्त्यामध्ये होतं आणि गावाचं नाव विचारणाऱ्या रकान्यात गावमध्ये नाही, गावामध्ये व्हायला लागतं. हे वाचणाऱ्याला लगेच कळतं की आपल्याशी कोणी बोलतच नाहीये. यासाठी मोठमोठी साधनं आहेत, लिंगाप्रमाणे वाक्य बदलणारी वगैरे, पण खरं सांगू का, वीस रकान्यांचा फॉर्म असेल तर वीस रकान्यांची पूर्ण वाक्यं हाताने लिहा. जन्मतारखेला जन्मतारखेचं वाक्य. ३१ जून टाकलं तर "जून महिना ३० दिवसांचा असतो, तारीख परत बघा". मुलाच्या शाळेच्या फॉर्ममध्ये पुढच्या वर्षीची जन्मतारीख आली तर "ही तारीख अजून यायची आहे, वर्ष बरोबर आहे का बघा". असं वाक्य कुठल्याच साच्यातून येत नाही.

प्रविष्ट करा, सादर करा, अनिवार्य क्षेत्र, हे शब्द कोणाच्या तोंडी नाहीत. टाका, भरा, पाठवा, हे हवंच, असे शब्द वापरा. क्षेत्र तर अजिबात नको, शेतीच्या फॉर्ममध्ये क्षेत्र म्हणजे जमिनीचं माप. "कृपया" पण मी हल्ली लिहीत नाही. ब्रिटन सरकारच्या वेबसाईटची एक डिझाईनची नियमावली आहे, सगळ्यांना वाचायला खुली, तिच्यात स्पष्ट लिहिलंय की एररमध्ये प्लीज नको कारण त्यातून असं वाटतं की हे केलं नाही तरी चालेल, सॉरी नको कारण त्याने चूक सुधारायला काही मदत होत नाही, आणि व्हॅलिड-इनव्हॅलिड नको कारण त्या शब्दांनी माहितीत काहीच भर पडत नाही. मराठीत तर आदर "टाका" मधल्या त्या शेवटच्या कान्यातच आलेला असतो, त्याच्या अलीकडे कृपया लावलं की स्टेशनवरची सूचना होते. "तुम्ही विसरलात" हेही टाळते मी. विसरलेलाच असेल कशावरून, त्याला रकाना दिसलाच नसेल.

मेसेज दिसतो कधी आणि कुठे, याचीही दोन शब्दांत बात. ईमेलचं पहिलं अक्षर टाकलं की लगेच लाल होऊन "ईमेल चुकीचा" म्हणणारे फॉर्म बघितलेत ना? अजून बोलायला तोंड उघडलंय तोवर चूक काढायची, असं ते झालं. माणूस रकाना सोडून पुढे गेला की तपासा, आणि एकदा एरर दाखवला असेल तर मात्र तो दुरुस्त करतोय तोवरच, बरोबर झालं त्या क्षणाला एरर काढून टाका. मेसेज त्या रकान्यालाच चिकटून हवा, कोपऱ्यात येऊन तीन सेकंदात निघून जाणाऱ्या पट्टीत नको. फॉर्म लांब असेल तर सबमिट केल्यावर वरती पण सगळ्या चुकांची यादी द्या आणि प्रत्येकावर बोट ठेवलं की त्या रकान्याकडे नेऊन सोडा, कारण मोबाईलवर माणूस खालच्या बटणापाशी असतो आणि चूक पाच स्क्रीन वर असते. बटण दाबतोय, काही होत नाही, असं त्याला वाटतं.

नुसता रकाना लाल करून भागत नाही. लाल-हिरवा फरक न दिसणारी माणसं असतात, आणि ज्यांना अजिबात दिसत नाही त्यांना स्क्रीनरीडर वाचून दाखवतो, त्याला लाल रंग वाचता येत नाही. त्यासाठी कोडमध्ये रकाना आणि त्याचा मेसेज एकमेकांना बांधावे लागतात, आरिया नावाच्या खुणा असतात, दोन ओळींचं काम. डब्ल्यूथ्रीसी ही वेबचे नियम ठरवणारी संस्था, तिच्या अॅक्सेसिबिलिटीच्या नियमांत २००८ पासून हे लिहिलेलं आहे: चूक कुठे आहे ते शब्दांत सांगा, आणि ती कशी सुधारायची हे तुम्हाला माहिती असेल तर तेही सांगा, सुरक्षेला धोका नसेल तर.

तो शेवटचा तुकडा महत्त्वाचा आहे, कारण एका ठिकाणी मुद्दाम कमी सांगावं लागतं. लॉगिन. "हा मोबाईल नंबर आमच्याकडे नाही" आणि "पासवर्ड चुकला" असे दोन वेगळे मेसेज दिले तर चोर हजार नंबर टाकून बघेल आणि कोणाकोणाची खाती आहेत याची यादीच काढेल. म्हणून तिथे एकच मेसेज, "मोबाईल नंबर आणि पासवर्ड जुळत नाहीत". पण त्याच्या खाली पुढची वाट द्यायला कोणी अडवलेलं नाही: पासवर्ड आठवत नसेल तर इथून बदला. कारण सांगता येत नसलं तरी वाट दाखवता येते.

अजून एक ब्राउझरचा किस्सा, जो पुष्कळ मराठी साईटवर दिसतो. रकाना "हवाच" अशी खूण कोडमध्ये केली की रिकामा ठेवल्यावर ब्राउझर स्वतःचाच एक छोटा फुगा दाखवतो, आणि त्या फुग्यातली भाषा तुमच्या पानाची नसते, ब्राउझरची असते. अख्खा फॉर्म मराठीत आणि चूक झाली की इंग्रजी फुगा, म्हणजे जिथे मदत सगळ्यात जास्त हवी तिथेच भाषा बदलते. त्या फुग्याचा मजकूर बदलता येतो किंवा तो बंद करून आपला मेसेज लावता येतो. लावा.

फोटो अपलोडबद्दल लिहिल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. काही परीक्षांच्या फॉर्मला फोटो २० ते ५० केबी मागतात, सही त्याहून लहान. मोबाईलने काढलेला फोटो सहज ३.२ एमबी, म्हणजे मर्यादेच्या ६४ पट. मेसेज येतो "फाईल साईज एरर". मुलगा मोठी फाईल समजतो का लहान, कसं ठरवणार? किमान "फोटो ५० केबीपेक्षा लहान हवा, तुमचा ३,२०० केबी आहे" एवढं तरी लिहा. आणि खरं तर ब्राउझरमध्येच फोटो लहान करून घेता येतो, मग मेसेजचीच गरज नाही. तोवर मुलं सेवा केंद्रावर पैसे देऊन फोटो लहान करून घेतात. आणि कॅप्चा, म्हणजे चित्रातली ती वेडीवाकडी अक्षरं, चुकला म्हणून चाळीस रकाने पुसून टाकणारे फॉर्म, त्यांच्याबद्दल मला खरंच राग आहे. भरलेलं कधीही पुसू नका. माणसाने शेतातून येऊन, दिवसभराचं काम संपवून, एका बोटाने ते भरलेलं असतं.

मेसेज जमलाय का हे बघायची माझी पद्धत आत्यामुळेच सुरू झाली. मेसेज लिहिला की मी तो कोणाला तरी फोनवर वाचून दाखवते, स्क्रीन न दाखवता. बहिणीला, ऑफिसातल्या हिशोब बघणाऱ्या काकांना, कधी आत्यालाच. समोरून "मग काय करू?" असं आलं तर मेसेज परत लिहायचा. "बरं, थांब, कार्ड घेऊन येते" असं आलं तर झालं काम.

दुसरं म्हणजे कुठला एरर किती वेळा दिसतो ते मोजते, माणसाने काय भरलं ते न साठवता, फक्त रकाना आणि मेसेज. आमच्या एका फॉर्मला पिनकोडचा एरर सगळ्यात वर यायचा. पिनकोड सहा आकडी, पहिला आकडा शून्य नसतो, सगळ्यांना पाठ असतो, तर चुकतो कसा? चार दिवस शोधल्यावर कळलं की फोनचा कीबोर्ड पिनकोड आपणहून सुचवतो आणि त्याच्या मागे एक स्पेस सोडतो, म्हणून सहाच्या सात जागा व्हायच्या. स्पेस डोळ्यांना दिसत नाही, त्यामुळे माणसं पिनकोड पुसून परत सुचवलेलाच निवडायची आणि परत तोच एरर. मी त्या मेसेजचे शब्द दोनदा सुधारले होते. शेवटी मागची स्पेस कापून टाकणारी एक ओळ घातली.